उजेड वाढवणारा जोड

वहिनींनी पहिल्या तंतूचा जोड दुसऱ्यांदा तोडला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि थर्मासमधल्या चहाला अजून हात लागला नव्हता. आधी जोड, मग चहा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या नेमापायी गेले तीन दिवस चहा गारच प्यावा लागत होता.

व्हॅन पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभी होती. मागचं दार उघडं, चेंबरचं झाकण बाजूला सरकवलेलं, आणि चेंबरमधून केबलची दोन टोकं वर येऊन व्हॅनमधल्या फळीवर विसावलेली. एक टोक जुन्या केबलचं, मळकट काळं. दुसरं नव्या केबलचं, अजून चकचकीत. दोन्हींच्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे बारा बारा तंतू. इकडचा निळा तिकडच्या निळ्याला, इकडचा नारिंगी तिकडच्या नारिंगीला, असे बारा जोड करायचे आणि डबा बंद करून परत चेंबरमध्ये ठेवायचा, एवढंच काम. एका दिवसाचं.

वहिनींचं खरं नाव ऑफिसात हजेरीपटाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्यांचा धाकटा दीर त्यांच्याच टोळीत जॉइंटर. तो पहिल्या दिवसापासून "वहिनी, पक्कड द्या", "वहिनी, पायाखाली बघा" करत राहिला आणि वर्षभरात ड्रायव्हरपासून शिपायापर्यंत सगळं ऑफिस त्यांना वहिनी म्हणू लागलं. त्या दिराला भावजी म्हणायच्या, म्हणून तोही सगळ्यांचा भावजी झाला. चार महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या मॅडम, ज्या वहिनींच्या लेकीहून लहान असतील, त्यासुद्धा फोनवर बिनदिक्कत "भावजींना द्या" म्हणत.

वहिनींनी निळ्या तंतूवरचं साल सोललं, स्पिरिटच्या फडक्याने काच पुसली. पुसताना त्या देवाचं नाव घेत, पण मनातल्या मनात. ओठ हलवले की श्वास काचेवर जातो. मग कटरने टोक कापलं. कापलेला तुकडा चिमटीने उचलून झाकणाच्या डबीत टाकला, कारण तो बोटात गेला तर दिसत नाही आणि निघत नाही. दोन टोकं मशीनच्या दोन खाचांत समोरासमोर ठेवली आणि झाकण लावलं. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन दिसली, एकमेकांकडे सरकली, बारीकशी ठिणगी पडली आणि मधली रेघ नाहीशी झाली. दोन काचांची एक काच. हे दृश्य त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी त्यांना बरं वाटायचं.

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम नऊ किलोमीटर मागे, एक्स्चेंजमध्ये मोजणीयंत्र घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, निळा झाला. इथलं मशीन दोन दाखवतंय."

"थांबा, बघते." पलीकडे बटणांचे आवाज आले. मग मॅडम म्हणाल्या, "वहिनी, एकतीस."

"परत एकतीसच?"

"एकतीस."

हे आकडे काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं. काचेच्या तंतूतून उजेड जातो आणि त्या उजेडावर बसून आपलं बोलणं, चित्रं, कागदपत्रं जातात. जिथे दोन तंतू जोडलेले असतात तिथे उजेड थोडा तरी गळतोच. किती गळला त्याचं एक माप असतं, आणि टोळीत ते माप शंभराने गुणून बोलायची पद्धत होती. शून्य पूर्णांक शून्य दोन म्हणजे दोन. चांगला जोड दोन-चारचा. दहापर्यंत चालतो. दहाच्या वर गेला की तोडा आणि परत करा.

वहिनींचा जोड एकतीसचा निघत होता, आणि बाराही तंतू एकतीसच्याच आगेमागे. परवाही, कालही, आणि आज पुन्हा केलेला निळाही.

"वहिनी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वहिनींना जास्त लागलं. "आता नका तोडू. ऑफिसला या."

वहिनींनी ट्रेमध्ये उरलेला तंतू वितीने मापला. एका तोडण्यात चार बोटं काच जाते. जोडाच्या डब्यात जास्तीचा म्हणून गुंडाळून ठेवलेला तंतू आता दोन विती उरला होता. ट्रेमध्ये फिरवायला तेवढा लागतोच. पुन्हा तोडला तर टोकाला टोक पोचणार नव्हतं.

थर्मास न उघडताच त्यांनी व्हॅनचं दार ओढून घेतलं.

*

ऑफिसच्या भिंतीवर पांढरा फळा होता. मॅडम आल्यापासून त्यावर प्रत्येक जोडाचा आकडा लिहिला जाई, हिरवा चांगला, लाल वाईट. या लाइनचे दोनच जोड होते. रस्ता रुंद करताना मधली सात किलोमीटर जुनी केबल उखडली गेली होती, तिथे नवी टाकली, म्हणून एक जोड पुलापाशी, वहिनींचा, आणि दुसरा सात किलोमीटर पुढे, वखारीच्या कोपऱ्यावर, भावजींचा. तिथून पुढे पुन्हा जुनी केबल, टेकडीवरच्या हॉस्पिटलपर्यंत.

फळ्यावर वहिनींपुढे लाल एकतीस होता. भावजींपुढे हिरव्या शाईत लिहिलं होतं: उणे चोवीस. आणि त्याला कोणीतरी चांदणी काढली होती.

उणे चोवीस म्हणजे गळती नाहीच, उलट जोडापुढे उजेड चोवीसने वाढला. असा आकडा ऑफिसात कोणी पाहिला नव्हता. दोन दिवस भावजींची नुसती चंगळ होती. शिपायाने त्यांना विचारलं होतं की माझ्या घरच्या बल्बवर एकदा हात फिरवाल का. ड्रायव्हर गाडीत बसताना म्हणायचा, भावजी, तुम्ही पुढे बसा, हेडलाइटची गरज नाही. भावजीही स्वभावाने असे की कोणी एक पायरी चढवलं तर स्वतः दोन चढायचे. "हात दाखवू नका म्हणतात मला घरी," ते म्हणायचे, "डोळे दिपतात."

पण वहिनी आत आल्या तेव्हा ते हसत नव्हते. मॅडमच्या टेबलापाशी हाताची घडी घालून उभे होते.

मॅडमनी वहिनींना आधी बसायला सांगितलं, मग पाणी दिलं. कागद नंतर पुढे केला.

"मी तुमची जुनी सगळी पानं काढून पाहिली," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत तुमचा एक जोड चौदाचा आहे. एकच. तोही पावसात केलेला. त्यामुळे हे लिहिताना मला बरं वाटलं नाही. पण सोमवारी हॉस्पिटलची लाइन सुरू करायची आहे. एकतीसवर मी सही करू शकत नाही."

कागदात लिहिलं होतं की शुक्रवारी पुलापाशी जुना जोड कापून मध्ये नव्या केबलचा तुकडा घालायचा आणि दोन्ही बाजूंचे जोड भावजींनी करायचे. त्याच दिवशी वहिनींनी आपलं मशीन भावजींच्या ताब्यात द्यायचं आणि निवृत्तीला उरलेली दोन वर्षं स्टोअर सांभाळायचं. डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, असंही शेवटी होतं.

"स्टोअर वाईट नाही वहिनी," भावजी खालच्या आवाजात म्हणाले. "पंखा आहे तिथे."

"तुमच्या भावाच्या गुडघ्यांना सांगा ते. त्यांनाच पंखा लागतो," वहिनी म्हणाल्या, आणि कागदावर मिळाल्याची सही केली. सही सरळ आली. हात कापत नव्हता. ते त्यांनी स्वतःच पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

*

घरी त्यांच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. ते पूर्वी केबलचे ड्रम वाहून नेणारा ट्रक चालवत. आता गुडघ्यांनी ट्रक सोडायला लावला होता आणि स्वयंपाकघर धरायला लावलं होतं. त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसले.

"सुई दे बघू," ते म्हणाले.

"कशाला?"

"दे तर."

वहिनींनी शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढली. यजमानांनी दोरा पुढे केला. चष्मा न लावता वहिनींनी पहिल्या झटक्यात ओवला.

"झालं," यजमान म्हणाले. "डोळ्यांची तपासणी झाली. कागदावर लिहून पाठव."

"सुईचं भोक केवढं, अहो. तिथे म्हैस जाईल. काचेचं तसं नसतं."

"मग माझा भाऊ म्हैस ओवतो म्हणायचा का? त्याला कालपरवापर्यंत बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. आणि आता म्हणे उजेड वाढवतो."

"तुमचा भाऊच आहे ना?"

"भाऊच आहे. देव नाही," ते म्हणाले आणि ताट उचलून घेऊन गेले.

बुधवार होता. बुधवारी संध्याकाळी वहिनी पलीकडच्या गल्लीतल्या प्रार्थनाघरात जात. तिथे एक वृद्ध गृहस्थ गात गात निरूपण सांगत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले, आवाज थोडा फाटलेला, पण सूर असा की तो फाटलेपणाही सुरातच असावा. दोन वाक्यं बोलत, एक ओळ गात, मग पुन्हा बोलत. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यांतली चार तरी डुलक्या घेणारी. त्यांना ते उठवत नसत. म्हणत, देवाच्या दारात झोप लागते म्हणजे घरचं ओझं बाहेर ठेवून आलाय, झोपू द्या.

त्या दिवशी त्यांनी ओंजळीची गोष्ट लावली. डोंगरावर एक झरा. खालच्या गावात एक आजारी माणूस. भांडं कोणाकडेच नाही. मग गावाने रांग केली आणि ओंजळीतून ओंजळीत पाणी खाली आणलं. पहिल्याने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून म्हणे, तू सांडलंस. आणि शेवटून तिसरा एक होता, तो म्हणे, माझ्या ओंजळीत आलं तेव्हा कमी होतं, मी दिलं तेव्हा जास्त झालं.

घड्याळवाले थांबले. मग गायले, "झरा एक वरती, झरा एक वरती." आणि बोलले, "सांडलं म्हणणाऱ्याचं मी ऐकेन. नाही सांडलं म्हणणाऱ्याचंही ऐकून घेईन. पण वाढलं म्हणणारा भेटला तर त्याला हळूच जवळ बसवा. विचारा, बाबा रे, झरा तर वरती आहे. तू मोजलंस कुठे उभं राहून?"

मग ते पुढे गेले. रांगेतली एक म्हातारी, तिची थरथरती ओंजळ, आजाऱ्याच्या ओठाला लागलेला थेंब, असं सगळं. समोरच्या बायकांनी डोळे पुसले. एरवी वहिनींनीही पुसले असते. पण त्या दिवशी त्या मागेच राहिल्या होत्या, उभं राहून मोजणाऱ्या माणसापाशी.

घरी येताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने आल्या. हात चुकला तर तो दर वेळी वेगळा चुकतो, हे त्यांना माहीत होतं. एकदा टोक तिरकं कापलं जातं, एकदा धुळीचा कण राहतो. आज एकोणीस, उद्या चाळीस. तिन्ही वेळा एकतीस, आणि बाराही तंतू तेवढेच? इतकं एकसारखं वाईट काम तर ठरवूनही जमणार नाही. आणि भावजींचं उलट. त्यांचेही बाराच्या बारा उणे चोवीसच्या आसपास. इतका एकसारखा चमत्कार?

चमत्कारावर वहिनींचा पूर्ण विश्वास होता. फक्त भावजींच्या हातून, वखारीच्या कोपऱ्यावर, दुपारी दोन वाजता, बारा वेळा, त्याच मापाचा होईल यावर नव्हता.

*

गुरुवारी सकाळी त्या मॅडमच्या टेबलापाशी गेल्या. भावजी तिथेच हजेरी लावत होते.

"मॅडम, एक मागणं आहे. शुक्रवारी मशीन देते. तक्रार नाही. पण त्याआधी एकदा लाइन हॉस्पिटलकडून मोजा."

"तिकडून?" मॅडमनी वर पाहिलं. "लाइन तीच, जोड तेच. इकडून काय आणि तिकडून काय."

"असेल तसं. पण हे वाढलेलं मला पटत नाही. जोड उजेड खातो. कमी खाईल, जास्त खाईल. देणार कुठून?"

"यंत्राने दाखवलंय वहिनी."

"मग भावजींकडून ओळीने असे दहा जोड करून घेऊ या, आणि एक्स्चेंजमधला दिवा काढून टाकू. वीज वाचेल."

हजेरीच्या टेबलावरचा कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. भावजी हजेरीपटाकडे बघत उभे होते. त्यांना कळलं होतं की आता काय विचारलं जाणार आहे, आणि वहिनींनाही कळलं होतं की त्यांना कळलंय. फळ्यावरची चांदणी त्या दोघांच्या मधोमध होती.

"भावजी," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी काही वेगळं केलं होतंत का?"

भावजींनी कान खाजवला. "खरं सांगू मॅडम? मला सर्दी झाली होती. तीनदा शिंकलो. निम्मं लक्ष रुमालात." मग जरा थांबून म्हणाले, "मीही घरी जाऊन विचार केला की हे झालं कसं. पण चांदणी काढली होती कोणीतरी. कशाला पुसायची, म्हटलं."

"आणि तिकडून मोजल्यावर तुमचा आकडा बिघडला तर?"

"तर वहिनींच्या शेजारी स्टोअरमध्ये बसेन. पंखा आहे."

मॅडम उठल्या आणि मोजणीयंत्राची पेटी काखेत मारली.

*

टेकडीवरच्या हॉस्पिटलात केबल जिथे संपत होती ती खोली धोबीखान्याला लागून होती. दारात चादरींचे गठ्ठे, आत साबणाचा आणि वाफेचा वास, आणि भिंतीवर राखाडी पेटी. धोबीखान्यातल्या बाईंनी पेटीसमोरची टोपली सरकवून जागा करून दिली आणि विचारलं, "सोमवारी होणार ना हो? खालच्या डॉक्टरांना फोटो दाखवायला आमचा माणूस मोटारसायकलवर जातो. दोन तास जायला, दोन तास यायला."

"होईल," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी निळा तंतू यंत्राला जोडला. बटण दाबलं. पडद्यावर उतरती रेघ उमटायला लागली, डावीकडून उजवीकडे, उतारावरून कोणी संथ चालत यावं तशी. सहा किलोमीटरवर भावजींचा जोड. तिथे रेघ एकदम खाली पडली.

"तीस," मॅडमनी वाचलं. "अधिक तीस."

भावजींनी डोळे मिटले आणि उघडले. "गेली चांदणी," ते म्हणाले.

रेघ पुढे सरकली. तेरा किलोमीटरवर पुलापाशीचा जोड. तिथे रेघ वर उचलली गेली, पायरी चढावी तशी.

मॅडम पडद्याजवळ झुकल्या. शेजारी कपडे पिळायचं मशीन गरगरत होतं, तेवढाच आवाज.

"उणे तेवीस," त्या म्हणाल्या. "वहिनी, हा तुमचा."

वहिनींनी भिंतीला हात टेकला. "म्हणजे आता मी उजेड वाढवते?"

"नाही. कोणीच वाढवत नाही." मॅडमनी पिशवीतून यंत्राचं पुस्तक काढलं. पानं उलटायला त्यांना वेळ लागला नाही. पान कुठलं ते त्यांना आठवत होतं, हे वहिनींच्या लक्षात आलं. मॅडमनी परिच्छेद वाचला, बोट तिथेच ठेवलं, आणि कान लाल झालेल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "हे मी परीक्षेत लिहिलं होतं. दहापैकी दहा मिळाले होते."

"काय लिहिलं होतंत?" भावजींनी विचारलं.

"यंत्र उजेड मोजत नाही. एका टोकाला बसून उजेड सोडतं आणि काचेतून परत येणारा पडसाद ऐकतं. जुनी काच आणि नवी काच वेगवेगळ्या कारखान्यांतली. जुनी जास्त पडसाद देते, नवी कमी. आजपर्यंत आपण सगळीकडे एकाच जातीची केबल वापरली, म्हणून एका बाजूने मोजलं तरी चाललं. इथे पहिल्यांदाच दोन जाती जोडल्या."

भावजींच्या चेहऱ्यावर काही उजाडलेलं दिसेना. वहिनी म्हणाल्या, "असं बघा भावजी. तुम्ही दाराआड बसून घरातलं बोलणं ऐकताय. अलीकडच्या खोलीत मोठ्याने बोलणारा माणूस, पलीकडच्या खोलीत हळू बोलणारा. तुम्हाला वाटणार, मधल्या दारात आवाज अडला. आता पलीकडच्या बाजूने जाऊन ऐका. आधी हळू बोलणारा, मग मोठ्याने बोलणारा. तुम्हाला वाटणार, दाराने आवाज वाढवला. दार बिचारं तेच."

"आणि खरं किती अडलं ते कसं कळायचं?"

"दोन्हीकडून ऐकायचं," मॅडम म्हणाल्या, "आणि बेरीज करून निम्मं करायचं." त्यांनी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. एकतीस उणे तेवीस, आठ. आठाचे निम्मे चार. मग त्याखाली भावजींचं. तीस उणे चोवीस, सहा. निम्मे तीन.

त्यांनी पान वहिनींच्या पुढे धरलं. वहिनींनी आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि पदर नीट करण्याच्या निमित्ताने तोंड दुसरीकडे वळवलं. तीन दिवसांत पंचवीस जोड करून त्यांनी पंचवीसही वेळा स्वतःवर संशय घेतला होता. चार. पहिल्या दिवशीही चारच असणार. तो जोड त्यांनी स्वतःच्या हाताने तोडून डबीत टाकला होता.

बाकीचे अकरा तंतू मॅडमनी एकेक करून मोजले, घाई न करता. तीन, पाच, चार, चार. धोबीखान्यातल्या बाईंनी मध्येच येऊन विचारलं की काही बिघडलंय का. "नाही," मॅडम म्हणाल्या, "माझंच थोडं बिघडलं होतं."

परतताना गाडीत त्यांनी तो सहीचा कागद मागितला. वहिनींनी पर्समधून काढून दिला. मॅडमनी तो फाडला नाही. त्यावर तिरकी रेघ मारली, रद्द लिहिलं, तारीख घातली, आणि खाली लिहिलं की मोजणी एका बाजूने केली होती, चूक मोजणीची होती. सही केली. "हा फायलीत राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी उद्या दुसरं कोणी येईल, त्याने वाचावा."

भावजी पुढच्या सीटवरून म्हणाले, "आणि ती चांदणी?"

"पुसायची."

"एका शतांशाने मीच पुढे आहे ना पण? अर्धी तरी ठेवा."

*

शुक्रवारी पुलापाशी तुकडा कापायला कोणी आलं नाही. वहिनी एकट्याच गेल्या. उरलेले दोन विती तंतू त्यांनी ट्रेमध्ये गोल फिरवले, कुठेही वाक तीव्र होणार नाही असे, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसे. बारा जोड बारा खाचांत बसले. त्यांनी डब्याचं रबर पुसलं, झाकण दाबलं, पट्ट्या आवळल्या, आणि झाकणावर मार्करने तारीख लिहिली. तारखेच्या खाली जॉइंटरच्या नावासाठी रेघ होती. तिथे त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, वहिनी. त्याच्या शेजारी, पुढे कधीतरी हा डबा उघडणाऱ्यासाठी, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली: दोन जातींची काच, दोन्हीकडून मोजा.

चेंबरचं झाकण बसवून त्या व्हॅनच्या पायरीवर टेकल्या आणि थर्मास उघडला.

संध्याकाळी यजमान दारातच उभे होते. हातात उलथनं, चेहऱ्यावर काळजी नाही असा आव.

"मशीन?"

"व्हॅनमध्ये. माझ्याच."

त्यांनी मान हलवली आणि आत वळले. दोन पावलं गेल्यावर पाठमोरेच म्हणाले, "आणि खरा आकडा कोणाचा चांगला निघाला? तुझा का त्याचा?"

"भावजींचा. मी चार, ते तीन."

यजमान थबकले. उलथन्यावरून तेलाचा एक थेंब फरशीवर पडला. "त्याला सांगू नकोस," ते म्हणाले.

"त्यांच्या समोरच मोजलंय."

"मग झालं," यजमान म्हणाले. "रविवारी जेवायला बोलावलाय मी त्याला."